न दुखणारी गाठ

आमोणे हे नाव आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी फार थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. गोव्याच्या डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठी वसलेले हे माझे माहेर. नदीपलीकडे खांडोळे, अलीकडे कुळागरे आणि भरतीच्या पाण्यापासून बांध घालून राखलेली खाजने. गावचा वेताळ रात्री राखणीसाठी फिरतो, अशी आमची लहानपणापासूनची श्रद्धा. त्याच अंधारातून लोहखनिजाने भरलेल्या बार्जी मुरगाव बंदराकडे जात आणि त्यांच्या इंजिनांची घरघर ऐकत आम्ही झोपी जात असू. लग्न होऊन मी बडोद्यास आले, त्याला आता बेचाळीस वर्षे झाली. आईवडील गेल्यानंतर माहेर म्हणजे दादा आणि वयनी. वहिनीला आमच्याकडे वयनी म्हणतात.

या वयनींविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने आपल्या घराघरांतील बायकांविषयी, थोडे लिहावयाचे आहे. विषय काही हळदीकुंकवाच्या गप्पांत निघणारा नाही. पण ज्या मासिकातून लोणच्यांच्या कृतींपासून श्राद्धविधीपर्यंत सर्व काही आपण मोकळेपणी वाचतो, त्यात स्तनांच्या कर्करोगाविषयी मौन का पाळावे, हे मला उमगलेले नाही.

वयनींना ती गाठ प्रथम लागली २०१६ च्या पावसाळ्यात, अंघोळ करताना. डाव्या स्तनाच्या वरच्या अंगास, काखेच्या बाजूला, सुपारीएवढी. त्या वेळी त्यांचे वय बावन्न होते. ही गोष्ट त्यांनी कोणासही सांगितली नाही, हे मला कळले ते दोन वर्षांनी, त्यांच्याच तोंडून. "दुखना गो, मागीर कित्याक दाखोवचें?" दुखत नाही, मग कशाला दाखवायचे?

या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. आपल्या भाषेत आजाराला शब्दच मुळी 'दुखणे' असा आहे. जे दुखत नाही ते दुखणे कसे म्हणावे? घरातल्या बाईला डॉक्टरकडे जायला मिळते तेही दुखण्याच्या जोरावर. कंबर धरून बसली, तापाने फणफणली, उठवेनाशी झाली, म्हणजे मग घर हलते. ज्या गाठीमुळे एक दिवसही चूल अडली नाही, त्या गाठीसाठी दिवसाचा खाडा करून, भाडे खर्चून, कोणाला तरी सोबत घेऊन तालुक्याच्या गावी जायचे, हे वयनींच्याच काय, पण आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या हिशेबात बसत नाही. आणि नेमकी खोच येथेच आहे. स्तनांतील कर्करोगाची गाठ सुरुवातीस बहुधा दुखत नाही. पाळीच्या मागेपुढे जी ठणकते, ती पुष्कळदा साधी निघते. न दुखणारी, कठीण, एका जागी रुतून बसल्यासारखी वाटणारी गाठ अधिक संशयास्पद. कातडी आत ओढली जाणे, तिच्यावर संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसणे, बोंड आत वळणे किंवा त्यातून रक्तमिश्रित स्राव येणे, काखेत अवधाण उठल्यासारखे लागणे, यांतील कोणत्याच खुणेला वेदना सोबत असावीच लागते असे नाही.

वयनींनी दोन वर्षे काय केले? त्यांनी काहीच केले नाही असे म्हणणे सोपे आहे. पण ती दोन वर्षे कशी गेली हे पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. २०१६ च्या पावसाळ्यानंतर लगेच चवथ आली. गोव्यातील चवथ म्हणजे काय, हे तिकडच्या घरात दिवस काढलेल्यांनाच ठाऊक. घराची रंगरंगोटी, गणपतीवर टांगायची माटोळी, नेवऱ्या, येणारेजाणारे. "चवथ होऊ दे." त्यानंतर दादाच्या ट्रकचा हप्ता. खनिजवाहू ट्रक हे डिचोली तालुक्यातील शेकडो कुटुंबांचे पोट होते. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गोव्यातील खाणी बंद पडल्या आणि दारात उभ्या असलेल्या ट्रकांच्या चाकांखाली गवत उगवले. २०१५ च्या अखेरीस खाणी थोड्याफार सुरू झाल्या, तेव्हा आधीची थकबाकी फेडण्यातच मिळकत जाई. अशा घरात बाई स्वतःच्या अंगावरची बिनदुखरी गाठ कोणत्या तोंडाने काढणार? पुढे पुतणीचे लग्न ठरले. लग्नाआधी घरात 'तसल्या' रोगाचे नाव निघाले तर सोयरीक मोडेल ही धास्ती होतीच.

तरीही मधल्या काळात त्या एकदा डॉक्टरकडे गेल्या होत्या, हे मी मुद्दाम नमूद करते. जवळच्याच एका गावातील खाजगी दवाखान्यात. डॉक्टर पुरुष. वयनींनी पदराआडून जागा दाखविली. त्यांनी वरवर चाचपून "या वयात चरबीच्या गाठी होतात, घाबरू नका" असे सांगून जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या. ना मॅमोग्राफी, ना सुईची तपासणी. वयनी हायसे वाटून घरी आल्या आणि पुढचे दहा महिने निर्धास्त राहिल्या. त्या अवधीत शेजारच्या आजीने सांगितलेला कसलासा पाला वाटून त्यांनी लेपही लावला. वेताळाला गाऱ्हाणे घातले होते, तेही नंतर कळले. या सगळ्याला 'अज्ञान' असे एकच लेबल लावून मोकळे होणाऱ्या सुशिक्षितांचा मला थोडा राग येतो. ज्या बाईने विचारले, तिला चुकीचे उत्तर मिळाले. ते दहा महिने तिच्या खात्यावर कसे मांडायचे?

२०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १६ मार्चपासून खाणी पुन्हा थांबल्या. त्याच सुमारास वयनींची पाठ दुखू लागली. प्रथम खाणींच्या काळजीने झोप नाही म्हणून, मग कळशी उचलल्यामुळे, मग वय झाले म्हणून, अशी कारणे देऊन झाली. एप्रिलमध्ये त्यांना अंथरुणावरून उठता येईना. आता मात्र दुखत होते, आणि घर ताबडतोब हलले. डिचोलीहून म्हापशाच्या आझिल इस्पितळात, तेथून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयात. १८४२ साली पोर्तुगीजांनी पणजीत काढलेल्या वैद्यकशाळेचा वारसा सांगणारी ही संस्था आज साऱ्या गोव्याचा, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडील रुग्णांचाही, आधार आहे. तेथे सुईने तुकडा काढून तपासला, हाडांचा स्कॅन झाला. पाठीच्या कण्यात तीन ठिकाणी आणि खुब्यात रोग पोहोचला होता. चौथी अवस्था.

येथे थोडे थांबून एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडे 'वाढलेला कॅन्सर' या एका शब्दात दोन निरनिराळ्या गोष्टींचा काला होतो. गाठ मोठी आहे, कातडीला किंवा छातीला चिकटली आहे, काखेत बऱ्याच गाठी आहेत, पण रोग दूरच्या अवयवांत गेलेला नाही, ही तिसरी अवस्था. तिच्यात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया, मग किरणोपचार असा लांबलचक क्रम असतो, आणि रोग समूळ जावा हाच त्याचा हेतू असतो. पुष्कळ बायका त्यातून बऱ्याही होतात. हाडे, फुफ्फुस, यकृत, मेंदू येथे रोग गेला म्हणजे चौथी. तेथे बरे करण्याची भाषा डॉक्टर सहसा करीत नाहीत. रोगाला रोखून धरायचे, वेदना घालवायची आणि वर्षे मिळवायची, असे उद्दिष्ट असते. अमेरिकेतील नोंदी सांगतात की रोग स्तनापुरताच असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरांतील जवळजवळ नव्याण्णव स्त्रिया त्या रोगापासून वाचलेल्या असतात. दूर पसरल्यावर सापडला तर तीसएक.

आपल्या देशाचे आकडे यापुढे ठेवले की मन खिन्न होते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात सुमारे १,९२,००० स्त्रियांना हा रोग नव्याने झाला आणि सुमारे ९८,००० त्याने दगावल्या. त्याच वर्षी अमेरिकेत नवे रुग्ण पावणेतीन लाखांच्या घरात, आणि मृत्यू त्रेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे लोकसंख्येच्या मानाने हा रोग आपल्याकडे त्यांच्यापेक्षा पुष्कळ कमी होतो, पण झाला की मरण अधिक. तेथे सहा नव्या रुग्णांमागे एक मृत्यू, येथे दोघींमागे एक. आपल्याकडील रोग जातीने अधिक जहाल आहे असे काही जण म्हणतात, आणि त्यात थोडे तथ्य असेलही, कारण आपल्या बायकांना तो सरासरीने दहाएक वर्षे लवकर होतो. परंतु मुख्य कारण उशीर हेच आहे. निम्म्याहून अधिक बायका रोग पुढे गेल्यावरच इस्पितळाची पायरी चढतात. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारले होते की स्तनांची कर्करोगासाठी तपासणी कधी तरी झाली आहे काय? 'होय' म्हणणाऱ्या शंभरांत एकसुद्धा भरली नाही: ०.९ टक्के.

आता पुन्हा वयनींकडे वळते. गोमेकॉच्या डॉक्टरांनी दादाला बसवून सारे नीट सांगितले. पण घरच्यांच्या मनात एकच काटा रुतून बसला. "ऑपरेशन करणार नाही म्हणतात!" आपल्याकडे ऑपरेशन म्हणजेच उपचार. गोळ्या देऊन घरी पाठविले याचा अर्थ आशा सोडली, असेच सर्वांनी धरले. पुतण्याने आईला मुंबईस टाटा इस्पितळात न्यायचे ठरविले. थिवी स्थानकावर रात्रीच्या गाडीत वयनींना पाठीखाली उशा देऊन निजविले, आणि मी बडोद्याहून परस्पर दादरला पोहोचले. परळच्या ज्या रस्त्यावर ते इस्पितळ उभे आहे, त्याला डॉक्टर अर्नेस्ट बोर्जिस या गोमंतकीय शल्यविशारदाचे नाव आहे. त्या पाटीकडे पाहून वयनी म्हणाल्या, "आमचोच मनीस मगो!" एवढ्या दुखण्यात त्यांच्या चेहऱ्यावर आलेले ते समाधान मी विसरलेले नाही. १९४१ साली सुरू झालेल्या त्या इस्पितळाच्या आवारात आसामपासून केरळपर्यंतचा देश फुटपाथवर बसलेला असतो. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आणि परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन या दोन जागांनी किती मराठी आणि अमराठी कुटुंबांना पाठ टेकायला जागा दिली असेल, याची गणती करणे कठीण.

टाटातील तरुण डॉक्टरीणबाईंनी गोमेकॉचाच उपचार योग्य असल्याचे सांगितले. पुतण्याने हुज्जत घातली तेव्हा त्या न रागावता म्हणाल्या, "याचे उत्तर आमच्या याच इस्पितळातील बायकांनी दिलेले आहे." आणि त्यांनी जे सांगितले ते पुढे मी स्वतः शोधून वाचले. प्रथमच चौथ्या अवस्थेत आलेल्या स्त्रियांच्या स्तनांतील मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते काय, हा प्रश्न जगभर अनिर्णीत होता. डॉक्टर राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात अशा ३५० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटावर शस्त्रक्रिया व किरणोपचार केले, दुसऱ्यावर ते केले नाहीत. औषधे दोन्हींना. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुर्मान १९.२ महिने, न झालेल्यांचे २०.५. म्हणजे छाती कापून घेण्याचा आयुष्याच्या दृष्टीने काहीच लाभ नाही. गाठ फुटून जखम चिघळली किंवा रक्त वाहू लागले तर ती काढावी लागते, हे वेगळे. मला या संशोधनाचे महत्त्व असे वाटते की ते परदेशी पुस्तकातून उचललेले नव्हते. उशिरा आलेल्या आपल्याच बायकांवरून निघालेले ते ज्ञान होते, आणि त्याने वयनींसारख्या कितीजणींचे एक मोठे, निरुपयोगी ऑपरेशन, त्याचा खर्च आणि यातना वाचविल्या.

वीस महिने हा आकडा ऐकून दादा खचला. वयनींच्या बाबतीत मात्र दोन गोष्टी अनुकूल निघाल्या. रोग फक्त हाडांत होता, आणि गाठ स्त्री-संप्रेरकांवर पोसणाऱ्या जातीची होती. या जातीची कथा जुनी आहे. १८९५ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन या शल्यविशारदाने पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्ण बाईची बीजांडे काढून टाकली आणि छातीवरील रोग ओसरताना पाहिला. संप्रेरक हा शब्दही तेव्हा वैद्यकात रूढ झाला नव्हता. तोच विचार पुढे टॅमॉक्सिफेन आणि लेट्रोझोल या गोळ्यांत उतरला. वयनींना रोज एक लेट्रोझोल, महिन्यातून एकदा हाडे बळकट करणारे इंजेक्शन, आणि मुंबईतच कण्यावर काही दिवस शेक. किरणोपचाराला तेथील सारे रुग्ण 'शेक' म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात त्या आधाराशिवाय उठून बसल्या. आषाढात स्वयंपाकघरात गेल्या. भाद्रपदात माटोळीला नारळ आणि सुपारीचे घोस बांधताना खाली उभे राहून "डावीकडे घे, डावीकडे" असे हुकूम सोडीत होत्या.

त्यानंतर त्या साडेपाच वर्षे जगल्या.

या साडेपाच वर्षांविषयी लिहिण्यासाठीच खरे म्हणजे मी लेखणी उचलली. 'शेवटची अवस्था' हे शब्द कानी पडताच आपण त्या बाईला मनातून पोचविलेले असते. भेटीस येणाऱ्या बायका वयनींच्या हातांतील पिशवीसुद्धा काढून घेत, आवाज खाली आणीत, आणि नावही न घेता 'तो रोग' असे म्हणत. एकीने तर हळदीकुंकवाचे बोलावणे "त्रास नको" म्हणून पाठविलेच नाही. वयनींना गोळ्यांचा त्रास होता, तो वेगळाच होता. अंगातून अचानक उष्णतेचे लोट येत, बोटांचे सांधे सकाळी आखडत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात त्या गोळ्या ठेवीत आणि दिनदर्शिकेवर रोज पेन्सिलीने फुली मारीत. एवढे सोडले तर त्या सून आणल्या, नात मांडीवर घेतली, कुळागरातील सुपारी वाळविली, २०२० च्या टाळेबंदीत गोमेकॉच्या पास-परवान्यांसाठी पंचायतीत जाऊन भांडल्या. २०१६ पासून गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. चार किंवा अधिक माणसांच्या कुटुंबाला तिच्यात वर्षाला चार लाखांपर्यंतचे संरक्षण मिळते. सरकारी इस्पितळ आणि हे कार्ड नसते, तर ट्रक विकल्यानंतर पुढे काय विकावे, हा प्रश्न दादापुढे उभा राहिलाच असता. हे सर्व राज्यांतील भगिनींना लाभत नाही, याची मला जाणीव आहे.

औषधांच्या किमतीविषयी एक गोष्ट सांगते. संप्रेरकांवर पोसणाऱ्या पसरलेल्या रोगात लेट्रोझोलच्या जोडीला पाल्बोसिक्लिब नावाचे औषध दिल्यास रोग अधिक काळ थोपतो, हे २०१५ च्या सुमारास सिद्ध झाले होते. डॉक्टरांनी आम्हाला त्याचे नाव प्रामाणिकपणे सांगितले आणि किंमतही सांगितली. ती ऐकून दादाने विषय बदलला. २०२३ च्या जानेवारीत भारतातील त्याचे पेटंट संपले, देशी कंपन्यांची औषधे बाजारात आली आणि भाव कोसळले. फेब्रुवारीत वयनींना ते सुरू झाले. तोवर रोग यकृतात शिरला होता. औषध तेच, बाई तीच, मधली वर्षे पेटंटाची. यावर मी अधिक भाष्य करीत नाही.

तत्पूर्वी २०२१ साली गोव्यात युवराज सिंग यांच्या संस्थेच्या साहाय्याने 'स्वस्थ महिला, स्वस्थ गोवा' ही मोहीम सुरू झाली होती. दोन वर्षांत एक लाख स्त्रियांची तपासणी करण्याचे योजिले होते. हातात मावणारे एक यंत्र स्तनांवरून फिरवून गाठीचा कठीणपणा पाहायचा, क्ष-किरण नाहीत, कापाकापी नाही, आणि संशय आला तर पुढे पाठवायचे. आमच्या वाड्यावरील बायका जायला लाजत होत्या. वयनी सकाळीच केसांत अबोली माळून निघाल्या आणि दारोदार जाऊन सहासात जणींना घेऊन आरोग्य केंद्रावर गेल्या. तेथे बाकावर बसून राहिल्या. "दुखता?" असे प्रत्येकजण आत जाण्यापूर्वी त्यांना विचारी. "ना गो. दुखना म्हणूनच वच," असे त्या सांगत. दुखत नाही म्हणूनच जा. सून हे सांगताना हसते आणि मग डोळे पुसते.

अशा हातांनी केलेल्या तपासणीचा उपयोग होतो काय, याचे उत्तरही मराठी मुलखातूनच आले आहे. मुंबईच्या झोपडवस्त्यांत १९९८ पासून टाटातील डॉक्टर इंद्रनील मित्रा यांच्या नेतृत्वाखाली १,५१,५३८ स्त्रियांवर एक प्रदीर्घ अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी घरोघरच्या बायकांचे स्तन हातांनी तपासले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तपासणी झालेल्या वस्त्यांत तिसऱ्या-चौथ्या अवस्थेत सापडणाऱ्यांचे प्रमाण ३७ टक्के होते, इतरत्र ४७. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील या रोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील बायकांत मात्र तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. मॅमोग्राफीचे महागडे यंत्र गावोगाव नेणे आपल्याला परवडणारे नाही. तयार केलेला बाईचा हात मात्र आपल्याजवळ आहे.

शेवटचे तीन महिने कठीण गेले. यकृताच्या दुखण्यापुढे साध्या गोळ्या चालेनात. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिले, तेव्हा दादा दचकला. अफू? सवय लागेल! आपल्या इंदूर-उज्जैनकडील वाचकांना नीमच-मंदसोरची अफूची शेते परिचयाची आहेत. जगाला औषधी अफू पुरविणाऱ्या या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानंतर मॉर्फिन इस्पितळांतूनही जवळजवळ नाहीसे झाले होते, इतकी परवान्यांची जाचक साखळी तयार झाली. २०१४ च्या दुरुस्तीने ती पुष्कळशी सैल केली. कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांनी ठरविलेल्या मात्रेत ते घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती जवळजवळ नसतेच. बद्धकोष्ठ होतो, त्याचे औषध सोबत घ्यावे लागते. पहिल्या गोळीनंतर वयनी सलग सहा तास झोपल्या. ज्यांच्या घरी हे जमत नाही त्यांच्यासाठी डॉक्टर लुई जुझे डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती अवेदना सदन' काढले. अशा रुग्णांसाठी देशातील ते पहिले घर. त्याची शाखा गोव्यात लोटली येथे आहे. आम्हाला तेथे जाण्याची वेळ आली नाही. वयनी कार्तिकात, २०२३ साली, आमोण्याच्या घरीच गेल्या. शुद्धीत होत्या, आणि दुखत नव्हते.

गेल्या संक्रांतीला आमच्या बडोद्याच्या मंडळाच्या हळदीकुंकवास मी एका डॉक्टरीणबाईंना बोलाविले. वाणात यंदा डबा किंवा गाळणे न देता पाऊण तासाचे बोलणे द्यावे, हा माझा हट्ट थोड्या कुरकुरीनंतर मान्य झाला. त्या दिवशी कोणी काही विचारले नाही. तिळगूळ घेऊन सगळ्याजणी गेल्या. पुढच्या पंधरवड्यात दोघींनी स्वतंत्रपणे माझ्याकडे येऊन, दार लावून घेऊन, आपल्या गाठी सांगितल्या. एकीची साधी निघाली. दुसरी बँकेतून निवृत्त झालेली, अविवाहित, भावाच्या घरी राहणारी. तिची दुसरी अवस्था ठरली. शस्त्रक्रिया झाली, स्तन राखता आला. केमोथेरपीची सहा आवर्तने सांगितली आहेत, त्यांपैकी चार झाली. पाचव्याला तिच्याबरोबर मी जाणार आहे, कारण भावजयीचा त्या दिवशी वटसावित्रीचा उपास आहे.